आधी टप, मग सीट, शेवटी पत्रा: उघड्या टपाच्या जुन्या गाडीचा रंग ठरवताना

देवगडजवळच्या एका आमराईत, आंब्याच्या पेट्या ठेवायच्या खोपीत एक मॉरिस मायनर उभी होती. दोन दारांची, उघड्या टपाची, १९५४ सालची. मी ती उचलली तेव्हा तिचा रंग मुंबईच्या टॅक्सीच्या टपासारखा पिवळा होता आणि तिच्या स्वतःच्या टपाच्या जागी निळी ताडपत्री बांधलेली होती. गाडी टेम्पोत चढेपर्यंत जमलेल्या सात-आठ जणांनी मला रंग सुचवून झाला. बहुमत लालकडे. "लालच मारा, फोटोत उठून दिसता," हे तर तीनदा ऐकलं.

कुडाळला आल्यावर आमच्या पेंटरनी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, रंगाचं नावही काढलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर नख ओढून बघितलं आणि म्हणाले, "आधी खाली काय आसा तां बघूया, मगे रंगाचा बोला."

त्यानंतर माझ्या आणि मित्रांच्या मिळून चार गाड्या झाल्या, आणि तात्यांच्या त्या वाक्याचा क्रम मी अजून मोडलेला नाही. मूळ रंग शोधून काढणं आणि तोच रंग लावणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं प्रत्येकाने करावं, कारण डेंटरने, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याने, एकदा पत्रा घासला की ते परत करता येत नाही. दुसरं तुमच्या मर्जीवर आहे. गंमत अशी की बहुतेक लोक दुसऱ्यावरून महिनाभर वाद घालतात आणि तोवर पहिल्याचा पुरावा पत्र्यावरून खरवडून गेलेला असतो.

पुरावा कुठे सापडतो

गाडी डेंटरकडे सोडण्याआधी एक सुट्टीचा दिवस काढा. लागतं ते एवढंच सामान: ४००, ८०० आणि १५०० नंबरचा वॉटर पेपर, पाण्याची बादली, रबिंग कंपाउंड, टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा.

बाहेरच्या पत्र्यावर मूळ रंग क्वचितच चांगला सापडतो. उन्हाने तो कधीच फिका पडलेला असतो. जिथे ऊन पोचलं नाही आणि जिथे दुसऱ्या रंगाच्या वेळी पेंटरने आळस केला, अशा जागा बघा: डॅशबोर्डच्या पाठची बाजू, ग्लोव्हबॉक्सच्या आतली कड, दाराच्या बिजागरीखालचा पत्रा, मागच्या दिव्याच्या रबरी गास्केटखाली, डिकीच्या रबराखाली, मागच्या सीटखाली, पुठ्ठ्याच्या ट्रिमच्या आड. उघड्या टपाच्या गाडीत आणखी एक चांगली जागा असते, ती म्हणजे टपाची लोखंडी चौकट जिथे बोल्टने बसते ती पट्टी. चौकट काढली की तिच्याखाली कारखान्यातला रंग जसाच्या तसा मिळतो. माझ्या मायनरला तो तिथेच मिळाला.

आता बाहेरच्या पत्र्यावर, शक्यतो डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला, रुपयाएवढी जागा निवडा. ४०० चा पेपर पाण्यात भिजवून तिथे गोल-गोल घासा. मधोमध जोर जास्त, कडेला कमी. पत्रा दिसला की थांबा आणि कडा ८०० ने, मग १५०० ने मऊ करा. ओल्या फडक्याने पुसलं की झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसतात. माझ्या गाडीत बाहेरून आत असं होतं: पिवळा, त्याखाली लांबीचा (पुट्टीचा) जाड पांढरा थर, मग निळा, मग पुन्हा निळा पण जरा वेगळा, मग राखाडी, मग तपकिरी, मग पत्रा.

इथे फसायला होतं. पत्र्याला चिकटलेला शेवटचा थर म्हणजे मूळ रंग असा समज होतो, पण तो प्रायमर असतो. रेड ऑक्साइडचा तपकिरी आणि सरफेसरचा राखाडी हे रंग बऱ्याच गाड्यांत असेच खाली असतात. मूळ रंगाची ओळख म्हणजे त्यावर कंपाउंड मारलं की चमक येते. प्रायमर घासून घासून गुळगुळीत होईल, चमकणार नाही. माझा राखाडी चमकला, त्यामुळे तो सरफेसर नव्हता. शिवाय टपाच्या चौकटीखाली तोच निघाला. तो होता क्लॅरेंडन ग्रे.

प्रत्येक वर्तुळाचा फोटो काढा, शेजारी पांढऱ्या कागदाचा एखादा तुकडा ठेवून, म्हणजे पुढे फोटो पाहताना उजेडाचा अंदाज येतो.

पाटी, आरसी बुक आणि जुने फोटो

पत्र्यावर जे दिसलं ते कारखान्याने गाडीवर लावलेल्या पाटीशी ताडून बघा. १९५४ च्या सुमारासच्या मायनरच्या पाटीवर गाडीच्या कारखान्यातल्या नंबराआधी तीन अक्षरं आणि दोन आकडे असतात. पहिलं अक्षर एफ म्हणजे मायनर, दुसरं सी म्हणजे उघड्या टपाची, तिसरं अक्षर रंगाचं: ए काळा, बी राखाडी, सी लाल, डी निळा, ई हिरवा. चौथ्या जागचा आकडा गाडी कुठल्या बाजारासाठी बनली ते सांगतो आणि पाचव्या जागचा रंगाचा प्रकार. एमजीए १५०० (१९५५ ते १९५९) या गाडीच्या पाटीवरही अशीच रचना आहे आणि तिथेही तिसरं अक्षर रंगाचंच. म्हणजे पाटी "राखाडी" एवढंच सांगते, कुठला राखाडी ते सांगत नाही. त्यासाठी त्या सालच्या रंगपत्रकाशी जुळवावं लागतं.

ट्रायम्फची पद्धत मला जास्त आवडते. तिथे रंगाचा दोन आकडी नंबर असतो आणि शेवटचा आकडा रंगाचं कूळ सांगतो: २ लाल, ५ हिरवा, ६ निळा, ९ पांढरा. म्हणून ३२ म्हणजे सिग्नल रेड, २५ म्हणजे कॉनिफर ग्रीन, ५६ म्हणजे रॉयल ब्लू, १९ म्हणजे पांढरा. ट्रायम्फ हेराल्डच्या कारखान्यातल्या नंबराच्या शेवटी सीव्ही असेल तर ती कारखान्यातूनच उघड्या टपाची निघाली आहे.

अमेरिकन गाड्यांमध्ये, म्हणजे शेवरले, ब्यूक वगैरेंमध्ये, इंजिनाच्या पाठच्या पत्र्यावर बॉडीची वेगळी पाटी असते आणि तिच्यावर रंग आणि सीट या दोन्हींचे नंबर असतात. पण जपून. जनरल मोटर्स १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. पेट्यांतून सुटे भाग येऊन इथे जोडलेल्या गाडीचा रंगही इथेच लागलेला असू शकतो. मायनरच्या पाटीवर चौथ्या जागी ५ असेल तर तीही अशीच, पेटीतून आलेली उजव्या स्टिअरिंगची गाडी. अशा वेळी पाटीपेक्षा पत्र्यावरच्या वर्तुळांवर जास्त विश्वास ठेवावा.

इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून, म्हणजे ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडून, कारखान्याच्या नोंदवहीवरून प्रमाणपत्र मिळतं. पैसे भरावे लागतात, पण ज्यांच्या नोंदी टिकल्या आहेत अशा एमजी, ट्रायम्फ वगैरे गाड्यांसाठी गाडी कुठल्या तारखेला, कुठल्या रंगात, कुठल्या सीटसह बाहेर पडली ते कळतं.

आरसी बुकातला रंग पुरावा म्हणून कच्चा. तिथे बहुधा शेवटचा नोंदवलेला रंग असतो, आणि तोही "ग्रे" किंवा "ब्लू" एवढाच. पण जुनं, शिवणीचं आरसी बुक मिळालं तर पानं उलटून बघा. मालकी बदलताना कुणीतरी रंगाची नोंद केलेली असते. जुन्या मालकाच्या घरातले फोटो मागा, पण त्यांचंही तारतम्य ठेवा. काळ्या-पांढऱ्या फोटोत गडद लाल आणि गडद हिरवा एकसारखेच दिसतात. रंगीत प्रिंट कोकणातल्या दमट कपाटात चाळीस वर्षं राहिली की तांबूस पडते, मग पांढरी गाडीही बदामी वाटते.

मूळ की बदललेला

आता खरा वाद. मूळ रंगाच्या बाजूने जे भावनिक बोललं जातं ते मी बाजूला ठेवतो. एक व्यावहारिक मुद्दा मात्र फार कमी लोक लक्षात घेतात: उघड्या टपाच्या गाडीला आतली आणि बाहेरची बाजू असा फरकच नसतो. टप खाली केला की दारांच्या वरच्या कडा, डॅशबोर्ड, सीटमागची टपाची खोळ, सगळं रस्त्यावरून दिसतं. बंद गाडीत बाहेरून निळी आणि आतून राखाडी हे लपतं. इथे लपत नाही. म्हणजे रंग बदलायचा तर इंजिनाची खोली, दारांच्या फटी, डिकीचा आतला भाग, डॅशच्या पाठचा पत्रा, सगळं उकलून रंगवायला लागतं. मूळ रंगावर राहिलात तर आतल्या ज्या जागा अजून चांगल्या आहेत त्या तशाच ठेवता येतात. मजुरीत मोठा फरक पडतो.

बदलायला योग्य कारणंही असतात. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून इथे बनवलेली हेराल्ड घ्या. तिची चॅसी वेगळी आणि टप बोल्टने बसवलेला, त्यामुळे टप काढून उघडी केलेल्या हेराल्ड आपल्याकडे बऱ्याच दिसतात. अशा गाडीत "मूळ" हा शब्दच जरा हास्यास्पद होतो. टप असताना ती पांढरी होती म्हणून टप काढल्यावरही पांढरीच हवी, याला काही अर्थ नाही. तिथे मी मालकाला बिनधास्त निवडू देतो.

मधला मार्गही आहे, आणि मला तोच सर्वांत बरा वाटतो: रंग बदला, पण त्या गाडीच्या, त्या सालच्या रंगपत्रकातूनच निवडा. मायनरला अल्मंड ग्रीन, ट्रॅफल्गर ब्लू, ओल्ड इंग्लिश व्हाइट, स्मोक ग्रे असे रंग वेगवेगळ्या वर्षी होते. एमजी टीसी १९४५ मध्ये निघाली तेव्हा सुरुवातीला ती काळीच मिळायची आणि निवड फक्त सीटच्या रंगाची. लाल, हिरवा नंतर आले. म्हणजे सुरुवातीची टीसी हिरवी केली तर ती खोटी नाही, फक्त दोन-तीन वर्षांनी तरुण दिसते. उलट चाळीसच्या दशकातल्या गाडीला आजच्या एसयूव्हीचा मोत्यासारखा चमकणारा मेटॅलिक पांढरा मारला, तर तिचे मडगार्ड, दिवे, ग्रील सगळं उसनं वाटायला लागतं. असल्या गाड्या मी पाहिल्यात. काम सुंदर असतं आणि गाडीकडे बघवत नाही.

सरकारी बाजू रंग ठरवण्याआधी उरकून घ्या. आरसीत रंग लिहिलेला असतो, म्हणून बदल आरटीओत नोंदवावा लागतो. माझ्यासारख्याची फजिती इथेच होते: माझ्या आरसीवर "यलो" होतं. म्हणजे मूळ राखाडीवर परत जाणं हासुद्धा कागदोपत्री रंगबदलच. आधी अर्ज, मग रंगाची गन. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर पुढे दावा करताना फोटोतली गाडी आणि कागदावरची गाडी वेगळी निघेल.

दुसरं, ऑलिव्ह ग्रीन. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखलेला आहे. जुनी जीप घेणारे हमखास तो मागतात. ब्रिटिश रेसिंग ग्रीन किंवा अल्मंड ग्रीन हे वेगळे रंग, पण पेंटरला "मिलिटरी ग्रीनसारखा" असं सांगून अडचणीत येऊ नका.

तिसरं, व्हिंटेज नोंदणी. जुलै २०२१ मध्ये यासाठी नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात असलेली गाडी त्यात बसते. चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे बदल नसावेत. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, दहा वर्षांसाठी, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. या यादीत रंग नाही, बॉडीचा सांगाडा आहे. टप काढलेल्या हेराल्डवाल्यांनी ते नीट वाचावं. आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. दर रविवारी मालवणच्या बाजारात मासे आणायला ती न्यायची असेल तर साधी नोंदणीच बरी.

टपापासून सुरुवात

पत्र्याचा रंग कुठलाही मिसळून मिळतो. टपाचं कापड मिळतं चार-पाच रंगांत. म्हणून निवड टपापासून करा, मग सीट, आणि त्या दोघांना सांभाळून घेईल असा पत्र्याचा रंग. बहुतेक लोक उलट करतात आणि शेवटी सुंदर हिरव्या गाडीवर मिळेल तो काळा टप चढवतात.

कापडाचे ढोबळ दोन प्रकार. एक मोहेर म्हणून विकलं जाणारं, वर विणलेलं कापड, मध्ये रबराचा थर, आत सुती अस्तर. दुसरं रेक्झिन. मोहेर दिसायला देखणं, पण मुंबईहून किंवा बाहेरून मागवावं लागतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. रेक्झिन साबणाच्या पाण्याने पुसता येतं. कोकणात जी गाडी खरोखर चालवायची आहे तिला मी रेक्झिन सुचवतो. तज्ज्ञ नाक मुरडतील, मुरडू देत.

शिवणारा शोधायला मुंबईला जायची गरज नाही. रिक्षांचे टप शिवणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावात आहे, आणि रिक्षाच्या टपाला ऊन-पाऊस किती लागतो हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. जुना फाटका टप फेकू नका, त्यावरून तो कागदी नमुना कापतो. धागा सुती घालू देऊ नका, पॉलिस्टरचाच घ्या. सुती धागा दोन पावसाळ्यांत कुजतो आणि शिवणीतून थेंब थेट ड्रायव्हरच्या मांडीवर पडतात.

रंगाच्या बाबतीत: काळा टप बुरशी लपवतो पण मे महिन्यात खाली भट्टी होते. बदामी टप थंड राहतो, देखणा दिसतो आणि ऑगस्टपर्यंत त्यावर काळे ठिपके येतात. मरून आणि गडद निळा हे मधले. माझ्या मायनरला मरून सीट होत्या, क्लॅरेंडन ग्रेबरोबर कारखाना तीच देत असे, म्हणून टपही मरून केला. ओला टप कधीही घडी करून ठेवू नका. पाठच्या पारदर्शक प्लास्टिकच्या खिडकीवर घडी पडली तर ती त्या रेघेवर पिवळी पडून तडकते. आणि भाताच्या दिवसांत गाडी खळ्याजवळ उभी करू नका. उंदरांना टपाचं अस्तर फार आवडतं. हे मला शिकायला एक आख्खं अस्तर लागलं.

नमुने अंगणात टांगा

रंगपत्रकावरच्या दोन बोटांच्या चौकोनावरून गाडीचा रंग ठरवू नये. मोठ्या पत्र्यावर तोच रंग उजळ वाटतो, आणि गोलाईवर तर वेगळाच. भंगारातून जुन्या स्कूटरची तीन मडगार्ड आणा, कारण त्यांना गाडीसारखी गोलाई असते. प्रत्येकावर एक रंग पूर्ण प्रक्रियेने मारून घ्या: प्रायमर, रंग, आणि लावणार असाल तर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. मग ती अंगणात, पडवीत, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली आणि एकदा बंदरावर नेऊन बघा. टपाच्या आणि सीटच्या कापडाचे तुकडे शेजारी धरा.

आपल्याकडचा उजेड इंग्लंडचा नाही. किनाऱ्यावर दुपारी पांढरा आणि क्रीम डोळ्यांना खुपतात, पण तेच रंग मळभात फार गोड दिसतात. करडा पावसाळी उजेडात निळसर होतो. गडद निळा आणि काळा यांच्यावर समुद्रावरून आलेल्या वाऱ्याचं मीठ वाळून पांढरे ठिपके दिसतात, आणि ते कोरड्या फडक्याने पुसलं की ओरखडे पडतात. जांभ्याची तांबडी धूळ क्रीम आणि फिकट हिरव्यावर लगेच उठते, मरूनवर दिसतही नाही. जुने लाल रंग उन्हात लवकर पिठूळ होतात. आजचे त्या मानाने टिकतात, पण आमराईत उभी राहणारी लाल गाडी काही वर्षांत बोनेटवर एक आणि दारावर दुसरी अशी दिसायला लागलेली मी पाहिली आहे. आंब्याचा चीक आणि पक्ष्यांची विष्ठा कुठल्याच रंगाला सोडत नाही. ते त्याच दिवशी पाण्याने धुवा.

एक गोष्ट नमुन्यावरून कळत नाही. करडी मायनर घेऊन आंबोलीला गेलो आणि वाटेत धुकं उतरलं. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने शेवटच्या क्षणी ब्रेक मारला. खाली उतरून म्हणाला, "दादा, तुमची गाडी आहे कुठे?" धुक्याच्याच रंगाची होती ती. गडद हिरव्या गाडीचं हेच संध्याकाळी झाडीत होतं. रंग बदलला नाही, पण दिवे उजळ केले, मागे-पुढे रिफ्लेक्टर लावले आणि धुक्यात टप उघडा असला तरी दिवे चालूच ठेवतो.

रंग मिसळताना

नाव आणि कोड मिळाला तर अर्धं काम झालं. बीएमसीच्या, म्हणजे मॉरिस आणि एमजी बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, गाड्यांच्या रंगांना अक्षरांचे कोड असतात: ओल्ड इंग्लिश व्हाइट डब्ल्यूटी ३, अल्मंड ग्रीन जीएन ३७, ट्रॅफल्गर ब्लू बीयू ३७, टार्टन रेड आरडी ९. मोठ्या रंगकंपन्यांच्या मिक्सिंग यंत्रावर यातल्या बऱ्याच रंगांची सूत्रं मिळतात.

कोडवरून सूत्र मिळालं नाही तर स्कॅनरने नमुना वाचतात. इथे माझं नुकसान झालं. एका दुकानात मी घाईत डिकीचं झाकण घेऊन गेलो. त्यांनी त्यावरचा उघडा केलेला राखाडी तसाच स्कॅन केला. निळ्याखाली जाण्याआधीच उन्हाने पिठूळ झालेला तो थर होता. आलेला रंग डॅशच्या पाठच्या मूळ रंगाशेजारी धरला तर खडूसारखा दिसला. दोन लिटर वाया गेला. स्कॅनसाठी नमुना ऊन न लागलेल्या जागेचा द्या आणि आधी कंपाउंडने चमक आणा. आलेला रंग उन्हात आणि ट्यूबलाइटखाली असा दोन्हीकडे जुळवा. उन्हात तंतोतंत जुळणारे दोन रंग ट्यूबखाली वेगळे पडू शकतात, कारण आजची रंगद्रव्यं तेव्हाची नसतात.

प्रकाराबद्दल थोडक्यात. जुन्या गाड्यांना सेल्युलोज, म्हणजे आपल्याकडे ज्याला ड्युको म्हणतात तो लॅकर, किंवा भट्टीत वाळवलेला सिंथेटिक असायचा. ड्युकोची मऊ, खोल चमक अजून कशालाच येत नाही. पण खाऱ्या हवेत तो लवकर थकतो आणि दर वर्ष-दीड वर्षाने कंपाउंड मागतो. हार्डनर घातलेला टूके रंग कोकणात खूप जास्त टिकतो. मी क्लिअर कोट न देता थेट चमकणारा टूके मारून घेतला आणि शेवटी बारीक पेपर व पॉलिशने ती चमक थोडी खाली आणली. काचेसारखी चकाकी १९५४ च्या गाडीला शोभत नाही. टूकेच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात. साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्कच लागतो. घराच्या पडवीत, पोरं खेळत असताना हे काम करू देऊ नका.

दिवस कधी धरायचा

कोकणात रंगाचं वेळापत्रक पावसाच्या हातात असतं. पत्र्याचं आणि गंजाचं काम पावसाळ्यात करता येतं, फक्त उघडा पत्रा एक रात्रही तसाच ठेवायचा नाही. सकाळी घासलेल्या पत्र्यावर दुसऱ्या दिवशी केशरी साय येते. गंज काढण्याआधी गोड्या पाण्याने भरपूर धुवा, मीठ आत राहिलं तर नव्या रंगाखालून फोड येतात. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. पेटीबंद भागांत, म्हणजे दाराखालच्या पट्ट्यांत, रंग झाल्यावर मेण फवारून घ्या. वेगळी चॅसी नसलेल्या उघड्या टपाच्या गाडीचा बराच भार त्या पट्ट्यांवर असतो, तिथे आतून गंज धरला तर दारं बसेनाशी होतात.

शेवटचा रंग मात्र नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. दमट हवेत लॅकर मारला की पृष्ठभागावर दुधाळ पांढरेपणा येतो, कारण थिनर उडताना पत्रा गार होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. हळू उडणारं थिनर घालून थोडं भागतं, पण दिवस कोरडा असणं महत्त्वाचं. तात्या सकाळी दहाआधी गन हातात घेत नाहीत. आधी हाताच्या पाठीने पत्रा चाचपतात. पत्रा हवेपेक्षा गार लागला तर म्हणतात, "अजून दंव आसा, च्या पिऊया." कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं आणि नळीवर ओल पकडणारा फिल्टर हवाच. हे दोन न केल्यामुळे जेवढे फोड पाहिलेत तेवढे स्वस्त रंगामुळे पाहिले नाहीत.

मायनरएवढ्या गाडीला आतून-बाहेरून आम्हाला तयार रंग साधारण पाच लिटर लागला. एकाच वेळी, एकाच मिश्रणाचा घ्या. नंतर मागवलेला लिटर थोडा तरी वेगळा येतो.

पुढच्या माणसासाठी

डॅशबोर्डच्या पाठी हाताच्या पंजाएवढी जागा आम्ही मुद्दाम सोडली. तिथे क्लॅरेंडन ग्रे जसा १९५४ मध्ये लागला तसा आहे, त्यावर फक्त पातळ क्लिअर कोट. डिकीच्या झाकणाच्या आतली वर्तुळंही ठेवली, पिवळ्यासकट. आरसी बुकाच्या पिशवीत एक पान आहे: कोड, मिक्सिंगचं सूत्र, रंगाचा बॅच नंबर, तारीख, टपाच्या कापडाचा तुकडा स्टेपल केलेला.

उरलेला अर्धा लिटर रंग हार्डनर न मिसळता, घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात काठोकाठ भरून ठेवला. डब्यात हवा कमी राहिली की साय धरत नाही. तो माळ्यावर ठेवू नका, मंगलोरी कौलांखाली एप्रिलमध्ये तिथे फार तापतं, आणि चुलीच्या किंवा गॅसच्या आसपास तर नाहीच. आमचा डबा अंगणापलीकडच्या खोपीत, जमिनीलगत, नारळांच्या ढिगाशेजारी असतो. आईने त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत "तेल नाही" असं लिहून ठेवलंय.